बाथरूममधली बिअर

काल नातीनं पावाचं पीठ भिजवलं आणि यीस्टच्या त्या आंबूस वासानं मला आमची ती दोह्याची बिअर आठवली बघा.

सत्तरच्या दशकात आम्ही कतारमध्ये दोह्याला, अल मुंतझा भागात राहायचो. आमच्या ह्यांनी पहिल्यांदाच घरी बिअर लावली होती. ऑफिसातल्या इंग्रज साहेबानं माल्टचा काकवीसारखा अर्क आणि यीस्ट दिलेलं. कडक व्हावी म्हणून ह्यांनी दुप्पट साखर ओतली आणि बादली बाथरूममध्ये झाकून ठेवली. तिथं घरी दारू करायला बंदी; पकडलं तर नोकरी खलास, थेट परतीच्या विमानात!

शुक्रवारी नमाजानंतर घरमालक एसी बघायला आले. बाथरूमपाशी थबकले. आत बुडबुड चाललेली.

"ये क्या है, भाभी?"

हे एसीची बटणं दाबायला लागले. मीच म्हणाले, "इडली का आटा." आणि चहाचा कप त्यांच्यापुढे केला.

त्यांनी शांतपणे चहा घेतला. दारात चपला घालताना हळूच म्हणाले, "खिडकी बंद रखो. इडली की बू मस्जिद तक आती है."

ते जाताच ह्यांनी बादली मोरीत ओतली. मला ती धमकीच वाटली होती. पुढे कितीतरी दिवस जिन्यात त्यांची चाहूल लागली की मी कडी लावून घ्यायचे. आता वाटतं, सांगायचंच असतं तर त्यांनी पोलिसांना सांगितलं असतं. ते मला सांगून गेले.