खुरदाद म्हणजे कोणता महिना

मैत्रिणींनो, आज दुपारी आमच्या गल्लीतली सालूबाई दारात येऊन बसली. तिच्या घरचं शेत गेलं. आष्टीच्या कचेरीत पेशीला, म्हणजे सुनावणीला, त्यांच्याकडून कोणी हजर नव्हतं, म्हणून निकाल भाऊबंदांच्या बाजूनं झाला.

पेशीचा कागद तिनं माझ्याकडूनच वाचून घेतला होता. उर्दू अक्षरं मी लावून लावून वाचते. तारीख कळली, महिना होता खुरदाद. मी नगरला, इंग्रजी हद्दीत शिकले, इथल्या संस्थानाचे सरकारी महिने मला येत नाहीत. शेजारच्या मुनशीणबाईंनी लगेच सांगितलं असतं. पण मॅट्रिक झालेली बाई महिना विचारत आली, असं त्या चारचौघींत म्हणतील, याची लाज वाटली. "अजून महिनाभर अवकाश आहे," असं मी सांगून टाकलं. खुरदाद तर तेव्हा चालूच होता, हे आज कळलं.

आज मी तिला म्हणाले, "सालूबाई, माझंच चुकलं असेल."

"न्हाई वैनी, तुमी शिकलेल्या. धनी म्हणत्यात, मीच येडी, उलटं ऐकून आले. मलाबी आता तसंच वाटाय लागलंय."

 सांजेला जपाला बसले, तर नामाऐवजी तिचाच आवाज कानात.

अपिलाची मुदत अजून आहे म्हणतात. पण कागद मी चुकीचा वाचला, हे मलाच कचेरीत सांगावं लागेल, साऱ्या गावादेखत. माझ्या जागी तुम्ही असता, तर उद्या गेला असता का?