ओसरीवरचं संग्रहालय आणि मोठीमायचा तांब्या

बाबांच्या पाठीवर चिठ्ठी मीच चिकटवली होती, पण ती घेऊन ते तसेच ड्यूटीवर जातील हे मला काय माहीत! चिठ्ठीवर लिहिलं होतं, "वस्तू : बाबा. सापडले : सेनगाव. काळ : लग्नाच्या आधीचा. हात लावू नये."

बाबा वायरमन. गोरेगावच्या भर बाजारातून सायकलीवर गेले, खांबावर चढले, उतरले, हॉटेलात चहा पिले आणि दुपारी घरी येऊन आईला म्हणाले, "आज लोकं माझ्याकडं पाहून काहून हसून राहिले?" मग शर्ट काढला. आई हसून हसून चुलीपुढंच बसली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबतच्या माणसानं सांगितलं म्हणे, "आमी काढणार होतो चिठ्ठी, पण वायरमनच्या पाठीवर ते बराबरच वाटलं."

आता तुमी म्हणाल, हे काय खूळ? तर नीट सांगते, पहिल्यापासून.

माझा धाकटा भाऊ पहिलीत होता आणि मी चौथीत. तो रोज शाळेत जायचा, लघवीला म्हणून सुट्टी मागायचा आणि थेट घरी यायचा. रोज! आई त्याला दंडाला धरून परत नेऊन सोडायची आणि ती घरी पोचायच्या आत हा दुसऱ्या बोळीनं येऊन उंबऱ्यावर बसलेला. आईनं डी.एड. केलेलं, पण नोकरी लागली नव्हती. एक दिवस ती म्हणाली, "रोज वरात काढण्यापेक्षा मीच शिकवते याला." हे ऐकलं आणि मी अंगणात गडबडा लोळले. "त्याला शाळा न्हाई तर मलाबी न्हाई!"

बाबांनी खूप डोकं खाजवलं आणि शेवटी म्हणाले, "एक वर्ष. पण वार्षिक परीक्षेला दोघं शाळेत बसले पाहिजेत. हेडगुरुजींनी बसू दिलं तर ठीक. न्हाई दिलं तर दोघांचं वर्ष गेलं, आणि मग तू शिकवायचं नाव काढायचं न्हाई."

आई म्हणाली, "व्हय." इतकंच. पण त्या दिवशी तिनं भाकरी अशी थापली की गल्लीत आवाज गेला.

आमची शाळा म्हणजे काय, तर ओढ्याची माती आणून बैल करायचे, मग बैलाला पाय किती, चार बैलांना किती. जुन्या लुगड्याचे तुकडे जोडून गोधडी शिवायची आणि चौकोन मोजायचे. गल्लीचा नकाशा काढायचा, त्यात कोणाचं कुत्रं चावतं ते लाल खडूनं. आणि वाचन! आई भाकरी करायची, आमी पुढ्यात बसून मोठ्यानं वाचायचं. वाचन थांबलं की भाकर थांबली. पोटात भूक असली की माणूस जोडाक्षरसुद्धा गिळतो, हे मी अनुभवानं सांगते.

भावानं मात्र त्यातबी चोरी शोधली. मी वाचलेलं तो कानानं पाठ करायचा आणि आपली पाळी आली की पुस्तक समोर धरून धडाधडा म्हणायचा. आई खूश! एक दिवस मला दिसलं, पुस्तक उलटं धरलंय.

मी आईला सांगितलं न्हाई. काहून? कारण त्या बदल्यात तो माझी शेणाची पाटी उचलायचा. वाईट होते मी, मान्य.

दिवाळीच्या सुट्टीत आमाला औरंगाबादला मावशीकडं पाठवलं. तिच्या घराजवळच्या एका संग्रहालयात लेकरांसाठी आठ दिवसांचा वर्ग होता. तिथल्या बाईंनी आमाला फुटकी मडकी जोडायला लावली, नाण्यांवर कागद ठेवून पेन्सिलीनं घासायला लावलं, आणि प्रत्येक वस्तूची चिठ्ठी लिहायला शिकवली. वस्तू, सापडली कुठं, काळ, हात लावू नये. आणि एक गोष्ट त्यांनी दहादा सांगितली, "जुनी वस्तू घासायची नाही. तो काळेपणा म्हणजे तिचं वय आहे. घासलं की वय गेलं."

मी हे गोरेगावला येऊन सगळ्या गल्लीला सांगितलं. काकूंना, हापशावरच्या बायांना, दळणाच्या रांगेत. आणि ओसरीवर संग्रहालय उघडलं. लोकांनी वस्तू दिल्या. कोणी अडकित्ता, कोणी तडकलेला कंदील, कोणी धान्य मोजायची लाकडी पायली. समोरच्या मोठीमायनं एक तांब्या दिला. मोठीमाय म्हणजे नात्यातली न्हाई, सगळी गल्लीच तिला मोठीमाय म्हणायची. तांब्या इतका काळा की आधी मला वाटलं मडकंच हाय. आत भोपळ्याच्या बिया.

"मोठीमाय, कुठून आला हा? चिठ्ठीवर लिहायचंय."

"लई जुना हाय," ती म्हणाली आणि लगेच आपल्या कोंबड्यांना हाकलायला लागली. कोंबड्या तर तिथं नव्हत्याच.

मी लिहिलं, "सापडला : मोठीमाय सांगत न्हाई."

चिठ्ठ्या लिहायची मला इतकी चटक लागली की मी घरभर चिकटवल्या. भावावर तर रोज. "वस्तू : माकड. सापडलं : पिंपळाखाली." "या वस्तूच्या नाकातून पाणी येतं." लोकं वाचून हसायचे आणि त्याला कळायचंच न्हाई काय लिहिलंय! मला विचारलं तर मी भलतंच सांगायची, "राजा लिहिलंय." मग तो एकेक चिठ्ठी घेऊन कोपऱ्यात बसायला लागला. बोट ठेवून, ओठ हलवून. एक दिवस माझ्या दप्तरावर चिठ्ठी सापडली, "वसतू : चेटकिन. हात लावू नये." मी त्याला बदडलं. चेटकीण म्हणाला म्हणून. त्यानं वाचायलाच न्हाई तर लिहायलाबी घेतलंय, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं न्हाई.

फेब्रुवारीत आईनं दोघांच्या परीक्षेचे अर्ज भरले आणि बाबा ते घेऊन हेडगुरुजींकडं गेले. गुरुजी अर्ज परत देऊन म्हणाले, "मी रविवारी घरी येतो. लेकरांना काय येतं ते पाहतो, मग सही."

रविवारी पहाटेच मी ओसरीवर गेले आणि किंचाळले.

मोठीमाय चिंच आणि राख घेऊन बसली होती. अडकित्ता चकचकीत. कंदिलाचं बूड चकचकीत. आणि तांब्या तर असा पिवळाधमक की डोळ्यावर ऊन यावं.

"मोठीमाय! वय घालवलं तुमी सगळ्यांचं!"

"अगं, हेडमास्तर येऊन राहिला न्हवं घरी? काळी भांडी ठेवतेत का पाव्हण्यापुढं? तुझ्या मायची इज्जत हाय का न्हाई?"

तिचंबी बरोबरच होतं. पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडं पहिलं काय, तर भांडी घासायची. मी रडत बसले, आणि तेवढ्यात गुरुजींची सायकल वाजली.

बाबांनी जयभीम घातला, गुरुजींनी नमस्कार केला, खुर्चीवर बसायला गेले. खुर्चीवर "हात लावू नये" वाचून थबकले.

"बसा, गुरुजी," मी म्हणाले, "हात लावायचा न्हाई, बसायला चालतं."

मला पाढे विचारले, भूगोल विचारला, मी सगळं सांगितलं. न विचारलेलंबी सांगितलं. मग भावाला पहिलीचं पुस्तक दिलं. त्यानं पुस्तक उघडलं आणि धडाधडा सुरू! एकबी चूक न्हाई. आईचा चेहरा फुलला. मी खांबाआड सरकले. गुरुजींनी शांतपणे हात पुढं केला आणि त्याच्या हातातलं पुस्तक सुलटं केलं.

बाबा खाली बघायला लागले. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, शेणाच्या पाटीसाठी मी आईचं वर्ष विकलं.

"पाठ केलंय हो यानं," गुरुजी आईला म्हणाले. "असं कसं बसवू परीक्षेला?" आणि उठले.

"मला येतं वाचता!" भाऊ ओरडला. "पुस्तकातलं न्हाई आवडत. चिठ्ठ्यातलं येतं!"

"चिठ्ठ्या तुझ्या ताईनं लिहिल्यात. त्याबी पाठ असतील."

भावानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि तांब्याच उचलला. घासल्यामुळं त्याच्या गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं वर आली होती. ती आमी कोणीच कधी पाहिली नव्हती. पाठ असायचा प्रश्नच न्हाई! तो तांब्या हळूहळू फिरवत, बोट ठेवून वाचायला लागला. आधी एका बाईचं नाव, अडखळत, तीन ठिकाणी थांबून. मग, "हि...स... आई...कडून... डों...गर...कडा."

गुरुजी खाली बसले. त्या "हात लावू नये"वर.

"परत वाच."

त्यानं परत वाचलं. ते नाव मी इथं लिहीत न्हाई, कारण ते गुरुजींच्या आईचं होतं.

"हा आमच्या मायचा तांब्या हाय," गुरुजी म्हणाले. "तिच्या लग्नातला, डोंगरकडा तिचं माहेर. चाळीस वर्षं शोधतेय ती. माझ्या आत्यावर आळ हाय त्याचा! आजबी आत्या आली की माय भांडी मोजते!"

सगळ्यांनी मोठीमायकडं पाहिलं. तिनं पदर तोंडावर घेतला.

"तुमच्या म्हशीचा चीक दिला होता रे तुझ्या मायनं, त्याच्यात. तू पाळण्यात होतास, तवा तुमचं घर याच गल्लीत होतं. आता शेजाऱ्याचं भांडं रिकामं कसं परत द्यायचं? म्हटलं आपली गाय व्याली की चीक घालून देईन. गाय व्यालीच न्हाई. मग म्हटलं शेवया घालून देईन, मग संक्रांत गेली, मग लाज वाटायला लागली. जितका उशीर तितकी लाज. मग बिया ठेवल्या."

आधी आई फुटली. मग बाबा. मग गुरुजी इतके हसले की खुर्चीचा पाय करकरला.

डोळे पुसून ते तांब्या घेऊन निघाले तशी मी आडवी झाले. "गुरुजी, संग्रहालयातून वस्तू बाहेर न्यायची तर नोंद करावी लागते."

"कर बाई."

"आणि रिकामा नेऊ नका!" मोठीमाय कळवळली. "चाळीस वर्षांनी तरी रिकामा जाऊ देऊ नका रे!"

ती शेवया आणायला घराकडं पळाली. पण त्याच्या आत भावानं कोनाड्यातले आमचे दोन अर्ज काढले, त्यांची गुंडाळी केली आणि तांब्यात खुपसली. गुरुजींनी तांब्यात डोकावलं, भावाकडं पाहिलं.

"हे कोणी शिकवलं तुला?"

भावानं आईकडं बोट दाखवलं. आई म्हणाली, "न्हाई हो, हे मी न्हाई शिकवलं!"

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा पुतण्या स्टीलचा डबा घेऊन आला. वर दोन अर्ज, दोन्हींवर सही, आणि डब्यात त्यांच्या मायनं दिलेलं ताक. आईनं अर्ज तीनदा वाचले. मग ताक पिलो, आमी दोघं एप्रिलात परीक्षेला बसलो, पास झालो, आणि जूनपासून आई पुन्हा ओसरीवर शिकवायला.

डबा अजून आमच्याकडंच हाय. रिकामा कसा द्यायचा?