घाण पाण्यात सोडू नका

उन्हाळा चढू लागला की आमच्याकडच्या पाण्याला आधी तुरटीचा वास यायचा. आई कोपरापर्यंत हात घागरीत बुडवून तुरटीचा खडा गोल गोल फिरवायची, आणि गाळ तळाशी बसेपर्यंत तहानेने जीव कासावीस झाला तरी आम्ही भावंडांनी घागरीला शिवायचं नाही, असा दंडक होता. अहमदपूरच्या बाजूचं आमचं ते लहानसं गाव. बोअरचं पाणी इतकं जड, की त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नसे, साबणाला फेस येत नसे आणि हंड्याच्या काठावर पांढरी किनार धरत असे. पाणी कसं आहे हे आम्हाला डाळ सांगायची, साबण सांगायचा, जीभ सांगायची.

आता ते मला संगणकाचा पडदा सांगतो. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी नांदेडला आलो, शिकलो आणि तिथेच नोकरीला लागलो. गावोगावच्या टाक्यांत बोटभर लांबीची एक कांडी, म्हणजे सेन्सर, वायरीने पाण्यात सोडलेली असते; पाण्यातले क्षार, गढूळपणा, आम्लता ती मोजत राहते. भिंतीवरच्या पेटीत आपल्या मोबाईलमध्ये असतं तसंच एक सिमकार्ड असतं, आणि कांडीने मोजलेलं सारं ते टॉवरमार्गे आमच्या कार्यालयात धाडतं. तिथे भिंतीवर आमच्याकडे सोपवलेल्या दोन जिल्ह्यांचा नकाशा झळकत असतो: चांगल्या पाण्याचं गाव हिरवा ठिपका, वाईट पाण्याचं लाल. हे सगळं मी वडिलांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पारावर सांगून टाकलं, की पोरगं पाण्याचं डाक्टर झालंय.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या नकाशावरचे ठिपके एकामागून एक पिकत गेले, पिवळे झाले, लाल झाले. दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं, बालाघाटच्या उतारावरचं एक गाव मात्र दिवसेंदिवस अधिकच हिरवं होत चाललं होतं. गावाचं नाव इथे लिहीत नाही. तिथला क्षारांचा आकडा पाहिला तर वाटावं, त्या काळ्या पाषाणातून थेट आभाळाचंच पाणी पाझरतंय. आमचे वरिष्ठ साहेब खूश होते. कार्यालयात कुणी पाहुणा आला की त्याला त्या ठिपक्यापाशी नेत. मी एकदा भीत भीत म्हणालो, की सर, त्या पट्ट्यात या दिवसांत असं पाणी असूच शकत नाही. ते हसून म्हणाले, "माणूस खोटं बोलतो रे, यंत्र नाही बोलत." मी परत माझ्या टेबलाशी गेलो. माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीकडे काणाडोळा करून याच माणसाने मला नोकरी दिली होती.

मग एके दिवशी त्या गावच्या सरपंचबाईंचा फोन आला. टाकीत गाळ येतोय, लेकरं हगवणीने आडवी पडलीत म्हणून त्यांनी टँकर मागितला होता, आणि मागणी परत आली होती. शेरा होता, की यंत्राच्या नोंदीनुसार गावचं पाणी उत्तम आहे. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "साहेब, तुमचं यंत्र कोणत्या गावचं पाणी पिऊन राहिलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी निघालो. वाटेवर पळसाची पानगळ धुळीत मिसळली होती आणि उन्हाला भट्टीतल्या विटेसारखा करपट वास होता. गावची टाकी जमिनीलगतची, तिच्या शेजारीच ती सांभाळणाऱ्या बालाजीमामांचं घर. मला पाहताच मामा लगबगीने पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर, सोपवलेलं काम चोख केल्याचा आनंद होता.

"या साहेब. लई जपलंय बघा तुमचं यंत्र."

ते मला टाकीकडे नेतील असं वाटलं होतं. त्यांनी नेलं निंबाखाली. तिथे ओल्या वाळूत एक नवाकोरा माठ बसवलेला होता, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, आणि भिंतीवरच्या पेटीतून निघालेली वायर त्या फडक्यातून माठात उतरलेली. मामांनी फडकं सोडलं. आत, तळ दिसेल अशा नितळ पाण्यात, कांडी थंडगार पहुडली होती.

"जारचं पाणी हाय," मामा म्हणाले. "बदलतो मधून मधून. बसवायला आलता ना, त्यो माणूस बजावून गेला, घाण पाण्यात सोडायचं न्हाई, सेन्सर जातो म्हणून. चैतापासून टाकीत निस्ता गाळ येऊन राहिला. म्हणलं, ह्ये मरंल. काढलं अन् हितं ठिवलं."

"मामा, ते घाण पाणी ओळखायलाच बसवलंय. त्याला टाकीतच ठेवायचं असतं."

"मंग ते खराब न्हाई का व्हणार?"

उंबऱ्यात बसलेल्या रुक्मीणमामींना, त्यांच्या बायकोला, हीच संधी हवी होती. "म्या रोज सांगून राहिले! घरात लेकराला जार न्हाई अन् ह्यांच्या यंत्राला जार. जावई हाय जणू!"

मी हसलो, आणि मग टँकर का नाकारला गेला ते सांगितलं. मामा हळूच माठाशेजारी टेकले. "म्हंजी," ते म्हणाले, "गावचं पाणी म्याच तोडलं का?" नाही म्हणावं असं मला फार वाटलं. पण त्या बसवणाऱ्याचा राग, साहेबांचा राग, नकाशावरच्या त्या हिरव्या ठिपक्याचा राग एकदमच आला, आणि मी माठातली कांडी उचलून टाकीकडे निघालो.

टाकीचं झाकण उचललं तेव्हा शेवाळाचा आणि गंजाचा दमट वास अंगावर आला. पाणी कोऱ्या चहासारखं. कांडी त्यात सोडली आणि थोड्याच वेळात माझ्या मोबाईलवर तो ठिपका लाल झाला. पाठोपाठ साहेबांचा फोन.

"अरे, एवढं चांगलं गाव आज अचानक लाल कसं? सेन्सर गेलेला दिसतोय. नोंदीत बिघाड टाक आणि काढून आण."

"सर, सेन्सर चांगला आहे. इतके दिवस तो माठात होता."

मग हलक्या आवाजात, जवळजवळ मायेने, "हे बघ, आधीचे आकडे पार वरपर्यंत गेलेत. आता माठ-बीठ काढू नकोस. बिघाड टाक. तुझ्या भल्याचं सांगतोय."

ते खरंच माझ्या भल्याचं सांगत होते, हीच अडचण होती. ज्यांनी माझं वाईट चिंतलं असतं, त्यांच्याशी मी केव्हाच भांडलो असतो. पण आयुष्यभर माझ्या वाट्याला भलं चिंतणारीच माणसं आली. घरच्यांनी मलाही असंच टाकीतून वर काढलं होतं, गढूळ पाण्यात हे पोर टिकायचं नाही म्हणून. बहिणीची शाळा अर्ध्यावर सुटली आणि मी नांदेडच्या वसतिगृहात आलो. माझ्या माठातलं पाणी कुणी ना कुणी बदलत राहिलं. आणि तेव्हापासून कुणीही विचारो, कसं चाललंय, मी न चुकता चांगलं, चांगलं असंच कळवत आलो आहे. गावच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मला हार घालतात, आणि मला पाहून वक्ते म्हणतात, की आता आपल्या भागात शिक्षणाला काही कमी राहिलेलं नाही. मी मान खाली घालून बसतो. लोकांना तो विनय वाटतो.

नोंदीच्या रकान्यात निवडायला तीनच कारणं होती: बिघाड, संपर्क नाही, देखभाल. खाली 'इतर' अशी एक रिकामी चौकट होती. निंबाखाली बसून मी तिच्यात लिहिलं, की बसवताना चुकीची सूचना दिली गेल्याने सेन्सर टाकीबाहेर होता. मधल्या काळातले आकडे या गावच्या पाण्याचे नाहीत. सेन्सर चांगला आहे, पाणी वाईट आहे. मामांचं नाव घातलं नाही. खाली माझं घातलं. मग अंगठा पडद्यावर टेकवला आणि नोंद पाठवली.

"मंग आता यील का टँकर?" मामांनी विचारलं.

येईल म्हणणं किती सोपं होतं. "माहीत नाही, मामा," मी म्हणालो. फोन पुन्हा वाजू लागला. पडद्यावर साहेबांचं नाव होतं.

रुक्मीणमामी तोवर माठापाशी आल्या होत्या. "यंत्राचं उष्टं तर उष्टं," असं म्हणत त्यांनी माठ कलता केला आणि धावत आलेल्या नातवंडांचे पेले एकेक करून भरले. पोरं डोळे मिटून, घटाघटा पीत होती. शेवटी माठात जे उरलं ते तांब्यात ओतून त्यांनी पाहुणा म्हणून माझ्यापुढे धरलं.

मी नको म्हणालो. त्यांना वाईट वाटल्याचं दिसलं, पण दुसऱ्यांच्या वाट्याचं निवळ पाणी मी आयुष्यभर पीत आलोय, हे काही मला त्यांना सांगता येईना.