नर पपई उपटताना

मित्रहो, मळ्यातून थेट सायबर कॅफेत आले आहे. बोटं अजून पपईच्या चिकाने चिकट आहेत.

एरंडोलजवळ ओळखीच्या घरी गेले होते; मी गावोगावी विज्ञान सांगत फिरते, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. सत्तरीच्या अक्का आणि त्यांची सून पपईची नर झाडं उपटत होत्या. एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावतात, कारण फुलं आल्याशिवाय नर-मादी कळत नाही. मग परागासाठी मोजके नर ठेवून बाकीचे काढतात.

अक्कांनी विचारलं, "ताई, तुमनं शास्तर हाई रोपमाच सांगी का? आमनी मेहनत वाची."

मी उत्साहात म्हणाले, "सांगेल. पुढे तर बीसुद्धा निवडता येईल."

"मानसमा बी?" सुनेने विचारलं.

"हो, माणसांतही येतं."

उत्तर खरं होतं, पण तिचा हात झाडावरच थांबला. तिला दोन मुली आहेत, पुन्हा दिवस गेलेत, आणि 'या खेपेला तपासून घेऊ' असं नवरा म्हणतोय, हे मला ठाऊक होतं. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, एवढंही सांगायचं मला सुचलं नाही.

अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पपई आपन फयेसाठे (फळांसाठी) लावतस. लेकरं कोनी फयेसाठे लावतस का? मी जित्ती शे तवलोंग (तोवर) कोनी तपासाले जावाव नही."

सुनेने पुढचं झाड एका झटक्यात उपटलं.

खरं उत्तर देऊन मी थांबले होते. त्यापुढचं वाक्य अक्का बोलल्या. ते माझंच काम होतं का? तुम्ही काय बोलला असता?