तीनदा परत नेलेला टॅब

अक्कलकुव्याच्या बाजारात एक मोबाइलचं दुकान आहे. तिथं मला नावानं कुणी ओळखत नाही. मी पायरी चढलो की मालक गालात हसतो आणि आतल्या माणसाला सांगतो, आवाजवाले आले. हे नाव मी माझ्या तोंडानं कमावलंय. टॅबचा आवाज कमी येतो म्हणून मी तीनदा त्याच्याशी भांडायला गेलो होतो, आणि तिन्ही वेळा आपलंच बरोबर आहे याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती.

मी मोलगी ते अक्कलकुवा जीप चालवतो. बारावीपर्यंत आश्रमशाळेत होतो म्हणून मराठी लिहितो, पण घरी आम्ही भिलीच बोलतो. घरातलं जे काही बोलणं पुढं येईल ते मी मराठीत करून लिहिलंय असं समजा.

माझ्या दोन मुली. मोठी तेव्हा सात वर्षांची, धाकटी पाचची. मोठी घरात बडबडी नव्हती, पण कामाला चलाख. शाळेत मात्र तिचा दगड व्हायचा. गुरुजींनी काही विचारलं की ती त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघायची आणि मग खिडकीबाहेर. गुरुजी खाली तळोद्याकडचे, भला माणूस. पोरांवर आवाज चढवायचा नाही असं त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवशीच ठरवलं होतं म्हणे. ते मला म्हणाले, घरी भिली आणि शाळेत मराठी, पोर गोंधळली आहे, थोडा वेळ द्या. मला ते लगेच पटलं. मी स्वतः पहिलीत असाच तोंड उघडं टाकून बसलेलो.

पण एक वर्ष गेलं. घरात मराठीचा शब्द नसलेली बाकीची पोरं घडाघडा कविता म्हणायला लागली, बेरजा करायला लागली. माझी दुसरीत जाऊन बसली ती तशीच. गुरुजींचा धीर सुटत चालला होता, माझा केव्हाच सुटला होता. मी तिला अभ्यासाला बसवायचो आणि पाच मिनिटांत रागावून उठायचो. ती रडायची नाही. माझ्याकडं बघत राहायची, आणि त्याचा मला जास्त राग यायचा.

त्यात माझ्या मोठ्या भावाचं आलं. तो दरवर्षी दिवाळी झाली की बायकापोरांना घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातो. त्या वर्षी वहिनीच्या अंगावर पितं लेकरू होतं आणि फडात त्याला सांभाळायला कुणी नव्हतं. वहिनी म्हणाली, तुझी मोठी नाहीतरी शाळेत नुसती बसून असते, तिला आमच्याबरोबर पाठव. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तिची अडचण खरी होती. मी म्हणालो, दिवाळीपर्यंत बघू. आमच्याकडं मोठ्या भावाला असं म्हणणं म्हणजे अर्धा होकारच.

बायकोनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, एकदा फडात गेलेली पोर परत वर्गात बसत नाही, तुझ्याबरोबर शिकणाऱ्या किती जणी परत आल्या ते आठव. मी आठवलं. एकही आली नव्हती.

म्हणून टॅब. माझ्या जीपमधून एक नर्सबाई जायच्या. त्यांची लहान मुलगी मांडीवर टॅब घेऊन मराठी गोष्टी ऐकायची आणि बरोबरीनं म्हणायची. मला वाटलं, आपल्या पोरीला मराठीच येत नाही ना, मग दिवाळीपर्यंत कानात मराठी ओतून टाकू. कानात ओतायचं, हे माझेच शब्द होते.

दुकानदारानं काउंटरवर स्वस्तातले तीन टॅब मांडले. चार पिढ्या अक्कलकुव्यात काढलेलं मुसलमान घर, बाप घड्याळं दुरुस्त करायचा आणि हा मोबाइल. बोलायला शांत, घाई कसली ती नाही. एका टॅबचा पडदा मोठा होता, दुसऱ्याचा कॅमेरा चांगला, तिसरा जाड रबरी कव्हरातला, बुटका आणि बेढब. मी विचारलं, वर आमच्याकडं नेटवर्क टेकडीच्या टोकावर जाऊन शोधावं लागतं, मग यातला कुठला चालेल? त्यानं बुटका पुढं सरकवला. यात कार्ड टाका, गोष्टी आणि खेळ इथंच भरून न्या, वर नेटची गरज नाही, आणि पोरांनी आपटला तरी रबर आहे. पडदा किती इंच ते पोरं बघत नाहीत, असंही म्हणाला. मी तो उचलून मडकं बघतात तशी पाठीवर टिचकी मारून बघितली. मग जीपच्या पुढच्या फळीवर ठेवून घाट चढलो. वळणावर दोनदा खाली पडला, चालूच राहिला. मी खूश.

आमचा क्रमही छान बसला. अक्कलकुव्यात जीप भरेपर्यंत मी नवीन गोष्टी उतरवून घ्यायचो, वर येताना जीपवरच टॅब चार्ज व्हायचा. संध्याकाळी दोघींना आळीपाळीनं, आंब्याखाली, आईच्या डोळ्यासमोर. धाकटीनं आठवड्याभरात सशाची गोष्ट मराठीत पाठ केली आणि कोंबड्यांना सांगत फिरायला लागली.

मोठीचं वेगळंच. चित्रं जुळवायच्या खेळात ती इतकी वेगात जायची की मला बोट कुठं गेलं ते दिसायचं नाही. कोडी संपली की पहिल्यापासून पुन्हा सोडवायची. पण गोष्ट लागली की आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढायची, टॅब उचलून गालाला लावायची, आणि चित्र न बघता डोळे मिटून बसायची. धाकटी कान दाबून ओरडायची, आवाज कमी कर. दोघींची रोज मारामारी. मी डोकं चालवलं आणि ठरवलं, स्पीकर खराब आहे. धाकटीला चालतोय हे मला दिसत होतं, पण दुकानदारानं फसवलं हे एकदा मनात घेतलं की माझं असंच होतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं स्पीकरची जाळी बारीक ब्रशनं साफ करून दिली. दुसऱ्यांदा मी आवाज चढवला, तर त्यानं डबा फोडून दुसरा नवा टॅब दिला. तोही घरी आणला तर मोठीच्या गालाला. तिसऱ्यांदा मी साक्षीदार म्हणून तिलाच जीपमध्ये घातलं. बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी होती, आणि मला गर्दीच हवी होती. मी चारचौघांत त्याला सुनावलं की डोंगरातला माणूस बघून खराब माल खपवता.

त्यानं मला बसायला स्टूल दिलं. पोरीच्या हातात चित्रांचा खेळ दिला. मग तिच्या मागं उभं राहून, आपण शेजारच्याशी बोलतो तेवढ्या आवाजात, तिला नाव विचारलं. ती खेळत राहिली. नाव तिला मराठीत, हिंदीत कुणीही विचारलं तरी कळायचं. त्यानं पुन्हा विचारलं. मग हातातली किल्ली काचेवर वाजवली. गिऱ्हाइकांनी माना वळवल्या, तिनं नाही. शेवटी त्यानं टाळी इतकी जोरात मारली की मी दचकलो, तेव्हा कुठं तिनं वळून बघितलं आणि हसली.

"भाऊ, टॅबमां काही खोट नही," तो हळूच म्हणाला, गर्दीला ऐकू जाऊ नये असं. "पोरले ऐकू येत नही. तिना कान डॉक्टरले दखाडा."

मी त्याच्या अंगावर गेलो. माझी पोर हाकेला ओ देते, म्हणालो, नाल्यापलीकडून आई बोलावते तर धावत येते. आणि हे बोलता बोलता माझी जीभ अडली. आमच्या पाड्यात घराला घर लागून नाही. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, आपापल्या उतारावर. बोलायचं तर या उतारावरून त्या उतारावर हाक मारायची. चुलीपाशीही आमचा आवाज तोच राहतो. माझ्या पोरीशी जन्मापासून सगळे ओरडूनच बोलत आले, म्हणून घरात तिचं कधी अडलंच नाही. अडलं ते गुरुजींच्या मऊ आवाजापाशी, आणि ते आम्ही सगळ्यांनी मराठीच्या नावावर टाकलं. दुसऱ्या कुठल्या गावात हे एवढे दिवस लपलं नसतं. मी तिच्यावर किती वेळा रागावलो ते एकेक आठवायला लागलं. दुकानात, सगळ्यांदेखत, माझे डोळे भरले. मला त्याची लाज वाटली नाही. लाज वाटली ती आधी जे बोललो त्याची.

डॉक्टरांनी दोन्ही कानांत बघितलं, तपासण्या केल्या. लहानपणापासून सर्दी व्हायची, कान फुटायचा, आम्ही पाला पिळून घालायचो. कानाच्या पडद्यांमागं घट्ट पाणी साचलं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी छोटं ऑपरेशन झालं, पाणी काढून बारीक नळ्या बसवल्या. मी बाहेर बाकावर बसून होतो आणि दिवाळी किती जवळ आली ते मोजत होतो.

परत येताना घाटात मी जीप थांबवली. ती उतरली आणि सागाच्या वाळक्या पानांवर चालायला लागली. दोन पावलं टाकली, थांबली, पायाखाली बघितलं. पुन्हा दोन पावलं. मग तिनं मला विचारलं की हे रोजच वाजतं का. मी म्हणालो, रोज. ती त्या पानांवर इकडून तिकडं किती वेळ नाचली सांगता येत नाही. जीपमधली माणसं खोळंबली होती, पण एकानंही निघायची घाई केली नाही.

घरी त्या संध्याकाळी टॅब लावला. तिनं गालाला न लावता मांडीवर ठेवला, पट्टी मध्यावर आणली, मग आणखी मागं. गोष्टीतली म्हातारी बोलत होती आणि माझी पोर चित्र बघत ऐकत होती. बायको चूल सोडून दारात येऊन उभी राहिली. मराठी तिच्यात आधीच बरीच गेली होती, गालाला लावून लावून गेली होती. आता ती बाहेर यायला लागली. रोज नवीन वाक्य. कानात नळ्या आहेत, नदीत डुबकी मारायची नाही म्हटल्यावर तिनं मराठीत माझ्याशी भांडण केलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा भांडण हरून आनंदानं घरभर फिरलो.

दिवाळी झाली. भाऊ आणि वहिनी गाठोडी बांधून निरोप घ्यायला आले, आणि विचारायलाही. गुरुजी त्याच वेळी घरी आले होते. पोरीनं आदल्या दिवशी वर्गात अख्खा धडा वाचला होता, ते सांगायला. मी भावाला काय उत्तर द्यावं याची जुळवाजुळव करत होतो. मोठ्या भावाला नाही म्हणायची मला सवय नाही. गुरुजींनी ओळखलं आणि तेच बोलले.

"ही पोर मी कुणाला देणार नाही. हिचं एक वर्ष माझ्यामुळं वाया गेलंय, ते मला भरून द्यायचंय."

मग मीही बोललो. दादा, ती शाळेत राहील, म्हणालो. दिवाळीपर्यंत बघू म्हणालो होतो, बघितलं. भावानं तिला जवळ बोलावलं आणि धडा वाचायला लावला. त्याला स्वतःला वाचता येत नाही. तिनं बोट ठेवून वाचला, न अडखळता. तो पुस्तकाकडं नाही, तिच्या तोंडाकडं बघत होता. संपल्यावर त्यानं वहिनीला सांगितलं की यंदा तूही जाऊ नको, लेकरू घेऊन इथंच थांब, मी एकटा जातो. वहिनीनं गाठोडं सोडलं. इतका सुटल्यासारखा श्वास मी बऱ्याच वर्षांत घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी टॅब शाळेत मागून नेला. दुकानदारानं केलं तसंच त्यांनी केलं. एकेका पोराला चित्रांचा खेळ द्यायचा, मागं उभं राहायचं, हलक्या आवाजात नाव घ्यायचं. वर्गातली पोरं एकामागून एक वळली. पुढच्या बाकावरच्या दोघी वळल्या नाहीत. त्यांच्या आया संध्याकाळी माझ्या दारात आल्या, आणि जीपचं विचारायच्या आधीच मी हो म्हटलं.

सकाळी दोघींना घेऊन निघालो तर माझी मोठी हट्टानं त्यांच्यामध्ये बसली. दोघींतली एक पहिलीतली, लहान होती, घाबरून रडत होती. माझ्या पोरीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिला ऐकू जावं म्हणून अगदी जोरात, सगळ्या जीपला कळेल असं सांगितलं,

"दुखत नाही. नंतर फक्त कळतं की सगळे किती बोलतात."