झूम न होणारी लेन्स

प्राजक्ताने फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, हे नाक मला नकोय."

फोनमध्ये तिच्या सेल्फींची रांग होती. सगळ्यांत नाक मोठं. मी फोनकडे बघितलं, मग तिच्याकडे. समोरच्या खुर्चीतलं नाक चारचौघांसारखं होतं. तसं मी बोलूनही दाखवलं.

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली. "समजूत काढायला."

मी दातांची डॉक्टर. त्यातही वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करणारी. मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या मोटार कंपनीतल्या नोकरीपायी चेन्नईला आले आणि टी. नगरमधल्या या क्लिनिकला चिकटले. क्लिनिक सेल्वम सरांचं. ते जबड्याचे आणि चेहऱ्याचे सर्जन.

प्राजक्ता जळगावची, शोळिंगनल्लूरला आयटीत. दिवसभर व्हिडिओ मीटिंग, म्हणजे दिवसभर स्क्रीनच्या कोपऱ्यात स्वतःचा चेहरा. असं वर्ष काढल्यावर कुणालाही स्वतःचा कंटाळा येईल. तिला नाकाचा आला होता. सरांनी तिला तपासून ऑपरेशनची तारीखही दिली होती, आडी संपल्यावरची. आडी हा तमिळ पंचांगातला महिना, आपल्या आषाढ-श्रावणाच्या आसपासचा. त्यात इथे लग्न नाही, गृहप्रवेश नाही आणि हौसेची ऑपरेशनंही नाहीत. फक्त साड्यांचे सेल.

असं नाकाचं ऑपरेशन म्हणजे बहुतेक वेळा हाड फोडून पुन्हा बसवणं. एकदा केलं की 'होतं तसं करून द्या' म्हणायची सोय नाही. एक धडधाकट नाक हकनाक फुटणार, या विचाराने मी अस्वस्थ होते. पण अडचण अशी, की आमच्या क्लिनिकने काढलेल्या फोटोतही ते मोठंच आलं होतं. सरांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. "बघा. पेशंट बरोबर सांगतेय."

फोटो कल्याणी सिस्टर काढत. कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स होती. सिस्टर झूम करायच्या भानगडीत पडत नसत. चेहरा मोठा यायला हवा, म्हणून त्या सरळ पेशंटच्या तोंडापाशी जाऊन उभ्या राहत.

यातलं शास्त्र साधं आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण पाच इंच. फोन फुटावर धरला, तर नाक बारा इंचांवर आणि कान सतरा इंचांवर. जवळचं मोठं दिसतं, त्यामुळे नाक उगाच भाव खाऊन जातं. तोच फोटो पाच फुटांवरून काढा. नाक साठ इंचांवर, कान पासष्टवर. नाक आपल्या जागी येतं. म्हणजे हे लेन्सचं काम नाही, अंतराचं आहे. पण पाच फुटांवरून चेहऱ्याने फोटो भरायचा, तर लांबचं थोडं जवळ आणणारी लेन्स लागते. तिला शॉर्ट टेलिफोटो म्हणतात. पोर्ट्रेट काढणारे तीच वापरतात.

मी सरांकडे लेन्स मागितली. सर इंग्रजीत बोलतात, मध्ये मध्ये तमिळ. इथे मराठीत लिहिते.

"आहे ती लेन्स कुठे गेली?"

"आहे, सर. पण ती झूम होते."

"मग झूम करा."

"सिस्टर करत नाहीत. पुढे चालत जातात."

"सिस्टरना सांगा."

"सांगून दमले."

सरांनी सुस्कारा सोडला. तेही सिस्टरना बरीच वर्षं ओळखतात. "सरी मा, ठीक आहे. स्वस्तातली बघा."

दुकानातल्या माणसाने पंच्याऐंशी एमएमची लेन्स पुढे केली. "पोर्ट्रेट किंग, मॅडम." असेल. पण मी खोलीचं माप घेऊन गेले होते. आमच्या कॅमेऱ्यावर या राजाला डोकं आणि खांदे मावायला आठ फूट लागत होते. आठ फुटांवर आमची वेटिंग रूम आहे. पन्नास एमएमच्या लेन्सला पाच फूट पुरत होते. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे जिथे फोटो उमटतो तो भाग, लहान आहे. त्यामुळे पन्नासची लेन्स त्यावर ऐंशीच्या आसपासचं काम करते. मग त्याने पन्नासमधलीच एक महागडी दाखवली. तिच्यात मागचं सगळं लोण्यासारखं धूसर होतं म्हणे. नाक स्पष्ट आणि कान धूसर, असा फोटो घेऊन सर्जनने करायचं काय? मी सगळ्यांत साधी उचलली.

"यात झूम नाही हं, मॅडम," त्याने बजावलं.

"म्हणून तर घेतेय."

त्याने घाईघाईने बिल केलं.

खुर्चीपासून पाच फुटांवर मी जमिनीला चिकटपट्टी लावली. सिस्टर सवयीने पुढे गेल्या. फोटोत नुसत्या भुवया आल्या. त्या लेन्सला चार शब्द ऐकवत मागे आल्या आणि पट्टीवर उभ्या राहिल्या. मी एवढा घसा कोरडा केला होता, तो फुकटच.

ऑपरेशनआधीच्या तपासणीला प्राजक्ता आली, तेव्हा तिचा नवा फोटो काढला आणि मोठ्या स्क्रीनवर लावला. ती बघतच राहिली. मला वाटलं, झालं काम.

"हे एडिट केलंय," ती म्हणाली.

"नाही गं. आत्ता तुझ्यासमोर काढला ना?"

"मग ही लेन्स सगळ्यांनाच सुंदर करत असेल."

सर दारात उभे होते. त्यांना सगळा मामला इंग्रजीत सांगितला. "तिचा मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. "तपासून बघू." आणि स्वतःच खुर्चीत बसले. "माझा काढा. बाजूने."

आता सरांबद्दल सांगायलाच हवं. या जबड्याच्या सर्जनची स्वतःची हनुवटी चांगलीच आत गेलेली आहे. दाढी ठेवून झाकावी, तर तेही ते करत नाहीत. स्वतःच्या डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे ते विद्यार्थ्यांना शिकवताना वापरतात. असा एक्स-रे ठरलेल्या अंतरावरूनच काढतात, आणि ते अंतरही पाच फूटच.

सिस्टरनी फोटो काढला. सरांनी तो आणि आपला एक्स-रे शेजारी शेजारी लावले. लेन्सने काहीही दयामाया दाखवली नव्हती. हनुवटी एक्स-रेत जेवढी आत, तेवढीच फोटोत. सर फूटपट्टी घेऊन मोजत बसले. हातातलं ऑपरेशन निसटतंय, हे त्यांना कळत होतं. पण मापाला खोटं ठरवणं त्यांच्या स्वभावात नाही.

"लेन्स करेक्ट आहे," ते म्हणाले.

प्राजक्ताने फोटोकडे बघितलं, सरांकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. मग इंग्रजीत विचारलं, "सर, तुम्ही स्वतःचं ऑपरेशन का नाही करून घेतलं?"

मी फाइलमध्ये तोंड खुपसलं. आमच्यापैकी कुणी आजवर हे विचारलं नव्हतं.

"कशाला?" सर म्हणाले. "या जबड्याने मुरुक्कू फुटतो." मुरुक्कू म्हणजे इथली चकली, आणि ती आपल्या चकलीपेक्षा कडक असते.

प्राजक्ताने खुर्चीवरची पर्स उचलली.

"मलाही श्वास नीट घेता येतो, सर."

ती गेल्यावर मला इतकं हायसं वाटलं, की मी सिस्टरना माझ्याकडून कॉफी पाजली. ठरलेल्या तारखेला सरांनी एका बँक मॅनेजरची अक्कलदाढ काढली. लेन्सबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत, पण चिकटपट्टी उखडली तेव्हा त्यांनीच नवी लावून घेतली.

लेन्स काय काय करते, ते दुकानदार न विचारता सांगतो. काय करू देत नाही, ते आपण विचारून घ्यावं.