रंगाचा जाड हात

मास्तरांनी आयुष्यभर ट्रकवरच्या ताडपत्र्या शिवल्या. एका टाक्याच्या जागी दोन घालायचे, ही त्यांची जुनी खोड. गिऱ्हाईक म्हणायचं, "मास्तर, ट्रक मोडेल, पण तुमची शिवण उसवायची नाही." मास्तरांना ते खरंच वाटायचं, आणि तिथेच घात झाला.

काम सोडल्यावर त्यांनी कयाक करायला घेतली. म्हणजे निमुळती होडी. आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वरून ताणून शिवलेलं जाड सुती कापड. बायकोने बत्तीस वर्षं समोरचा तलाव फक्त खिडकीतून पाहिला होता. आता तिची फुप्फुसं थकली होती. "जे करायचं ते लवकर करा," डॉक्टर म्हणाले. त्यांचं सांगायला काय जातं! दुकान दुसऱ्याला दिलेलं, आणि चौदा फूट लांबी मावेल अशी घरात एकच खोली, तिच्या खाटेची. बसायची जागा मास्तरांनी तिला टेप लावून बेतली.

"इतक्या वर्षांत मला उशीचा एक अभ्रा शिवून दिला नाहीत," ती म्हणाली, "आणि होडी मात्र मापाची."

शिलाई आठवड्यात उरकली. पण नुसतं कापड पाणी अडवत नाही, त्यावर लेप हवा. रंगवाल्याने दोन डबे पुढे ठेवले.

"हे प्लास्टिकसारखं. आज लावा, उद्या खडखडीत. पण वास असा की डोकं धरून बसाल. आणि हा जवसाच्या तेलाचा रंग. वास बेताचा, पण वाळतो सवडीने."

मास्तरांना बायकोचा खोकला आठवला. त्यांनी तेलाचा डबा उचलला.

"टर्पेंटाइन घालून पातळ हात द्या," रंगवाल्याने मागून सांगितलं. "दुसरा हात चार दिवसांनी."

टर्पेंटाइनलाही वास, म्हणून मास्तरांनी ते घातलंच नाही. आणि पातळ हात त्यांना ठाऊक कुठला? पाणी शिरेल या धास्तीने त्यांनी एकाच दिवसात दोन जाड हात दिले, शिवणीवर तिसरा.

वर साय धरली, खाली रंग ओलाच. रोज सकाळी ती खाटेवरून बोट लावून बघायची. "अजून चिकट आहे हो." पंधरा दिवस गेले. पंखा लावून झाला, खिडक्या उघड्या टाकून झाल्या. या पंधरा दिवसांत ती उठून बसायची बंद झाली.

शेवटी रंगवाला स्वतः आला, नखाने टोकरून म्हणाला, "सगळं खरवडून पुन्हा करायला लागेल. महिना धरा." त्याला पोचवायला गेलेले मास्तर जिन्यातच बसले आणि रडले. उसवून पुन्हा शिवता येईल असं हे काम नव्हतं.

ते परत आले तेव्हा ती जागी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मला इथेच होडीत बसवा," ती म्हणाली.

"अगं, जमिनीवर?"

"बसायची फळी तर कोरडी आहे ना."

मास्तरांनी तिला उचललं. उचलायला आता जोर लागत नव्हता. महिन्यापूर्वी बेतलेली जागा तिला ढगळ झाली होती. ती एका अंगाला कलायला लागली, तिच्याबरोबर होडीही. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी कड धरली.

"सोडू नका," ती म्हणाली. "मला पोहता येत नाही."

"नाही सोडत," मास्तर म्हणाले. त्यांचे तळवे रंगाला केव्हाच चिकटले होते.